खड्याला जाळी कशाला?

अप्पांना खडा आहे, असं घरात बहुमतानं ठरलं होतं.

ठराव मांडला दादानं, अनुमोदन दिलं ताईनं, आणि आईंनी नुसती मान हलवली. पण त्या घरात आईंनी मान हलवली की मतमोजणी संपायची. धाकट्यानं नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना 'हो' म्हटलं. त्याच्या बायकोला कुणी विचारलंच नाही. सून ती सून, त्यातून धाकटी, त्यातून पाच महिन्यांचं बाळ कडेवर. अशा बाईचं मत म्हणजे झोप न झालेल्या माणसाचं मत, असं दादाचं म्हणणं होतं. आणि झोप झालेली नव्हती, हे तर खरंच होतं.

तर खडा. पित्तनळीत अडकलेला. डॉक्टरीणबाई तोंडावाटे दुर्बीण घालणार, नळी मोकळी करणार, अप्पा पंधरा दिवसांत परत कारखान्यात. खरं काय ते रिपोर्टात होतं आणि रिपोर्ट ताईच्या पर्समध्ये, चेन लावून. पित्तनळी जिथे आतड्याला मिळते तिथे गाठ होती, कॅन्सरची. तिनं नळी चहूबाजूंनी आवळली होती. पित्ताला खाली उतरायला वाट राहिली नव्हती, म्हणून ते उलटं रक्तात चढत होतं. गाठ कापून काढायची वेळ टळून गेली होती. यकृतावरही दोन ठिकाणी ती जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी दादाला बजावलं होतं, "मी होऊन काही सांगणार नाही. पण पेशंटनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि सही त्यांचीच लागेल. शुद्धीत आहेत, लिहिता-वाचता येतं, मुलाची सही मला चालायची नाही."

"म्हणजे विचारायची वेळच येऊ द्यायची नाही," असा दादानं त्यातून अर्थ काढला आणि पहारा बसवला. दोन-दोन तासांचा. अप्पा खोलीत एकटे सापडता कामा नयेत. सिस्टर आली की विषय बदलायचा. डॉक्टर बोलायला लागले की मध्ये बोलायचं. शाळेत दादाला कुणी कधी मॉनिटर केलं नव्हतं. त्याची कसर तो तीस वर्षं घरात भरून काढत होता.

धाकटीची पाळी त्यात नव्हती. तिच्यावर भरवसा नव्हता असं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, यावर सगळ्यांचा पक्का भरवसा होता.

पिवळं पहिल्यांदा बघितलं तेही तिनंच.

महिनाभर कारखान्यात पिवळं सूत चाललं होतं. मोठी ऑर्डर. दोन्ही टाक्या पिवळ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लडी पिवळ्या, मोरीचं पाणी पिवळं. रंगाऱ्याच्या घरात माणसाच्या कातडीचा रंग कुणी मनावर घेत नाही. निळं चालू असलं की कोपरापर्यंत सगळ्यांचे हात निळे. लाल चालू असलं की दारात आलेला पोस्टमन दचकतो. "चढलाय, उतरेल," एवढंच म्हणायचं आणि ताटावर बसायचं. अप्पांची मान पिवळी झाली, कपाळ पिवळं झालं, तेव्हाही आई म्हणाल्या, "अहो, साबण लावून घासा की नीट," आणि अप्पा घासून घासून मान सोलवटून आले. खाज सुटली ती पावडरीची. जेवण जाईना ते टाकीच्या वाफेमुळे. दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्या आठवड्यात डॉक्टर झाला असता. या घरात अख्खा महिना कावीळ रंग म्हणून खपली.

धाकटी तेव्हा बाळंतपणाच्या सुट्टीवर होती. सुट्टी नसती तर तिला खिडकीत आधीच दिसलंही असतं कदाचित. कारखान्यात उत्तरेकडे एक उंच खिडकी आहे, तिच्यातून दिवसभर सारखाच उजेड येतो, आणि तिथे नमुना पास झाल्याशिवाय एक लड बाहेर जात नाही. तेही एकट्याच्या डोळ्यावर नाही. पहिल्यानं बघायचं आणि गप्प बसायचं. दुसऱ्यानं बघायचं आणि आधी बोलायचं. म्हणजे पहिल्याच्या मताची सावली दुसऱ्यावर पडत नाही. अप्पांचा हा नियम चाळीस वर्षांचा. पहिला डोळा अप्पांचा. दुसरा डोळा आधी एका जुन्या कारागिराचा, आणि तो गेल्यावर धाकटीचा. दोन मुलगे असताना सुनेचा. केमिस्ट्रीची डिग्री घेतलेली मुलगी घरात आली, तिला अप्पांनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात खिडकीत उभं केलं. दादाला ते अजून पचलेलं नव्हतं.

सुट्टी संपवून ती परतली त्या दिवशी दोघं नमुना धरून उभे होते. उजेड बाजूनं येत होता. आणि तिला अप्पांच्या डोळ्यांतलं पांढरं दिसलं, ते पांढरं नव्हतं. हात रंगतात, मान रंगते. डोळ्याचं बुबुळ सोडून उरलेलं कुठल्याही टाकीत रंगत नाही.

बाळ चार दिवसांचं असताना त्याला कावीळ झाली होती. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. कपाळावर अंगठा दाबायचा, सोडायचा, आणि खाली कुठला रंग उरतो ते दिवसाच्या उजेडात बघायचं, हे तिला तिथल्या सिस्टरनं शिकवलं होतं. मग तिला तो नादच लागला. बाळ बरं झालं तरी ती त्याचं नाक दाबून बघायची. तीनदा उगाच डॉक्टरकडे घेऊन गेली. "हिलाच कावीळ झालीय," ताई म्हणायची, "काविळीची. हिला सगळं जग पिवळं दिसतं." सगळे हसायचे, तीही हसायची.

म्हणून ती गप्प बसली. चार दिवस. पाचव्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. चार दिवसांनी काही फरक पडला नसता, गाठ कित्येक महिन्यांची आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तिनं ते ऐकून घेतलं होतं. पण बाळाला थोपटताना, दूध गार होईस्तोवर ढवळताना, ती ते चार दिवस अजून मोजत होती.

सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, केस आखूड, बोलताना पेन उघडझाप करण्याची सवय. खोलीत दादा, आई, ताई, धाकटा, सगळे होते. धाकटी बाळाला घेऊन दाराशी.

"आज अकराच्या पुढे तुमचा नंबर," त्या अप्पांना म्हणाल्या. "झोपेचं औषध देऊ. तोंडातून दुर्बीण जठराच्या पुढे नेऊ. तिथे नळीचं तोंड असतं, त्यातून एक तार वर सरकवायची. तार गेली की तिच्यावरून ही." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली. आत करंगळीएवढी तारेची जाळी होती. "आत घालताना मिटलेली असते, काडीसारखी. आत गेली की उघडते आणि नळी उघडी ठेवते."

अप्पांनी पिशवीसकट ती हातात घेतली. तीस-पस्तीस हजार लडी ज्या बोटांनी चाचपल्या त्या बोटांनी ती दाबली, सोडली. ती पुन्हा गोल झाली.

"विणलेली आहे," अप्पा म्हणाले. "गाठ नाही कुठे. एकाच तारेची?"

"एकाच."

"छान विणलीय. कोण विणतं हे?"

"मशीन, बहुतेक." बाई हसल्या.

"आणि डॉक्टर, एक विचारू? काविळीत सगळं पिवळं दिसतं म्हणतात. महिनाभर मी पिवळं पास केलंय. सगळा माल चुकीचा तर नाही ना गेला?"

"म्हण आहे ती. माझ्या एकाही पेशंटला तसं दिसलेलं नाही."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. पण जाळी त्यांनी परत दिली नाही. "ही काढायची कधी?"

पेनची उघडझाप थांबली.

"अहो अप्पा, ती खडा परत अडकू नये म्हणून असते," दादा पुढे झाला. "आता विश्रांती घ्या. डॉक्टर, तुमचा दुसरा पेशंट थांबलाय वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी दादाकडे बघितलं. मग अप्पांकडे. "तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

अप्पांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. आईंवर ती थोडी जास्त थांबली. "आत्ता नाही," ते म्हणाले.

"सही घ्यायला मी अर्ध्या तासात येते," बाई म्हणाल्या, आणि जाळीची पिशवी अप्पांच्याच हातात राहू दिली.

अर्ध्या तासात पहारा कसा फुटला, याबद्दल पुढे घरात बरीच चौकशी झाली. रक्त गोठण्याचा रिपोर्ट खालून आणायला दादा गेला. आईंच्या तोंडात सकाळपासून चहाचा घोट नव्हता म्हणून ताई त्यांना घेऊन गेली. पाळी धाकट्याची होती. त्याला कारखान्यातून फोन आला, खोलीत आवाज येईना. "पाच मिनिटं बस गं इथे," तो बायकोला म्हणाला. "काही बोलू नकोस म्हणजे झालं."

"दार लोटून घे," तो गेल्यावर अप्पा म्हणाले.

तिनं दार लोटलं. बाळ खांद्यावर पेंगत होतं.

"दादा इतक्यात यायचा नाही. खाली रांग असते. बस."

ती स्टुलावर बसली. अप्पांनी पोटरी खाजवली, मग दंड, मग परत पोटरी. चादरीवर जागोजागी रक्ताचे बारीक ठिपके होते. खाज आतून येते, बोटं पोचत नाहीत, असं ते म्हणायचे.

"मोरी तुंबली की आपण काय करतो?"

"अप्पा..."

"सांग ना. गोळा अडकला असेल तर?"

"गोळा काढतो."

"काढतो. आणि झालं. मोरीच्या आत टेकू ठोकत नाही." त्यांनी जाळी दोन बोटांत दाबली. "टेकू कधी देतात? बाजूची भिंत आत यायला लागली की. खड्याला जाळी कशाला?"

बाळानं कूस बदलावी तसं डोकं फिरवलं. ती त्याची पाठ थोपटत राहिली, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मी माझं बघितलंय," अप्पा म्हणाले. "आता तू बोल."

लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं एकदा खिडकीत त्यांचं तोंड बघून छटा सांगितली होती. त्यांना हवी असेल ती. अप्पांनी नमुना गुंडाळून ठेवला आणि शांतपणे म्हणाले होते, माझा डोळा माझ्याकडे आहे. दुसराही माझ्यासारखंच बोलणार असेल तर तो मला कशाला हवा? त्यानंतर तिनं कधी तसं केलं नव्हतं. करायचं म्हटलं तरी जमलं नसतं.

"गाठ आहे, अप्पा."

"कॅन्सर?"

"हो."

"काढता येत नाही?"

"नाही. लिव्हरवर पण आहे."

बाहेरून ट्रॉली गेली, तिच्या एका चाकाची कुरकुर बराच वेळ ऐकू येत राहिली. अप्पांनी जाळी उशाशी ठेवली.

"मीही तेच धरलं होतं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "एक छटा फिकं धरलं होतं."

तिला रडू फुटलं. तोंड बाळाच्या झबल्यात खुपसून ती रडली, आवाज न करता, बाळ उठेल म्हणून. अप्पांनी तिला रडू दिलं. खाजवणं मात्र थांबत नव्हतं त्यांचं.

"मग ही कशाला घालायची?" त्यांनी जाळीकडे हनुवटी केली. "जायचंच तर एवढा खटाटोप कशाला? नाही करत सही. घरी जाऊ."

आता तिचं रडं आटलं. हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. खरं सांगितलं की ते घाबरतील, चिडतील, गप्प होतील, एवढंच तिनं धरलं होतं.

"नाही, अप्पा. ऐका आधी." नाक पुसून ती स्टूल पुढे ओढून बसली. खिडकीत नमुन्यावरून वाद घालायची तशी. "गाठ तशीच राहणार. पण वाट मोकळी झाली की पित्त उतरेल. दोन-तीन आठवड्यांत पिवळं जाईल. खाज त्याच्या आधी जाईल. जेवण घशाखाली उतरेल. नाही घातली तर आत पू होऊ शकतो, ताप चढतो, मग काही दिवसांचाच प्रश्न असतो. कावीळ उतरली तर औषध सुरू करता येईल असं बाई म्हणाल्या. बरं करायचं औषध नाही ते. लांबवायचं."

"किती?"

"आकडा नाही दिला. महिने म्हणाल्या."

"वर्ष?"

"नाही म्हणाल्या."

"आणि ही बुजली तर?"

"तर परत दुर्बीण. आतून साफ करतात, नाहीतर दुसरी घालतात."

अप्पा छताकडे बघत पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे उतरलं. ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. एक दंड खाजवत होता, एक बरगड्या.

"खाज जाईल नक्की?"

"जाईल."

"तेवढ्यासाठी घालू मग," ते म्हणाले. "पण बाहेर जाऊन सांगून टाक त्यांना. अप्पांना कळलंय म्हणावं. हे खड्याचं नाटक आता पुरे. खाजवू का संवाद बोलू?"

"मी सांगू?"

"मग कोण? मी सांगितलं तर सगळे मिळून माझीच समजूत घालतील."

कॉरिडॉरमध्ये वजनकाट्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथे तिनं सांगितलं. चहाहून परतलेल्या आई बसलेल्या, ताई उभी, दादाच्या हातात रिपोर्टाचं पाकीट. "अप्पांनी विचारलं. मी सांगितलं. ते सही करतायत."

दादाला पहिलं वाक्य कळायलाच वेळ लागला. मग त्याचा आवाज चढला. "कुणी अधिकार दिला तुला? आम्ही मुलं आहोत ना त्यांची? पाच मिनिटं बसवलं तर..."

"दादा, हळू. हॉस्पिटल आहे," ताई म्हणाली.

"हळू काय? तू पण हिच्या बाजूनं? काल तर तूच म्हणालीस, त्यांच्या कानावर जाता कामा नये!"

"म्हणाले होते." ताईनं पर्सची चेन उघडली, रिपोर्ट काढला आणि धाकटीच्या हातात दिला. "घे बाई. चार दिवस खांद्याला लावून फिरतेय. खांदा निखळायची वेळ आली." आणि इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ताई भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागली.

"खिडकीत उभं केलं म्हणजे घर हिच्या नावावर झालं का?" दादा थांबायला तयार नव्हता. "तिथेही हिचंच खरं, इथेही हिचंच!"

धाकटा पुढे आला. बायकोच्या खांद्यावरून त्यानं बाळ उचललं. "पाळी माझी होती," तो म्हणाला. "ओरडायचं तर माझ्यावर ओरड."

दादा बघतच राहिला. धाकट्यानं एकाच बाजूला 'हो' म्हटल्याचं त्यानं उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. तो पाकीट घेऊन खिडकीशी गेला आणि आतला कागद उलटा-सुलटा करत उभा राहिला.

आईंनी सुनेकडे बघितलंही नाही. उठल्या, खोलीत गेल्या, दोन मिनिटांत परत आल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. नेहमी त्या बाळासाठी हात पुढे करायच्या. आज बाळ शेजारून गेलं तरी हात मांडीवरच राहिले.

सव्वाअकराला अप्पांना नेलं. स्ट्रेचरवरून त्यांनी दादाला विचारलं, "पिवळ्याच्या टाक्या धुतल्या का रे?" आणि दादा लहान मुलासारखा हो हो म्हणत लिफ्टपर्यंत स्ट्रेचरला धरून गेला.

मग बाहेरच्या बाकावर आई आणि धाकटी, दोघीच उरल्या. धाकटा बाळाला घेऊन कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. दुर्बिणीच्या खोलीचं दार बंद, वर लाल दिवा.

"आई," धाकटी म्हणाली. "त्यांनी विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण ते खचले नाहीत. उलट..."

"ते खचतील म्हणून मी लपवत होते असं वाटलं तुला?" आई दिव्याकडेच बघत होत्या. "तो माणूस कशानं खचत नाही. मला ठाऊक नाही होय? चाळीस वर्षं संसार केलाय." त्यांनी हातातला रुमाल उलगडला, परत घडी केला. "दोन दिवस गावाला जायचं असलं ना, तर हे पंधरा दिवस आधी आवरायला घेतात. टाक्या रिकाम्या. पाण्याचा कॉक बंद. कुणाला काय सांगायचं त्याची यादी. निघायच्या दिवशी घरात बसायला जागा नसते, सगळं झाकून ठेवलेलं असतं. मी म्हणते, अहो, अजून आपण इथेच आहोत! पण नाही. त्यांच्या मनानं ते निघालेले असतात."

धाकटीला पुढचं ऐकायच्या आधी कळलं. ते तसंच अंगावर घ्यायला हवं होतं म्हणून ती हलली नाही.

"आता मलाही आवरतील," आई म्हणाल्या. "मी कुणाकडे राहायचं, कुठल्या खोलीत झोपायचं, गोळ्या कुठल्या डब्यात ठेवायच्या. मुलांना समोरासमोर बसवतील. सगळ्यांशी गोड बोलतील. माझ्याशीसुद्धा! गेल्या चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग एक दिवस गोड बोललेला नाही, आणि मला ते नको आहे गं. मला खडाच हवा होता. पथ्यावरून भांडलो असतो. साबणावरून भांडलो असतो. चार महिने, पाच महिने, जे काय असतील ते, नेहमीसारखे हवे होते. आवरलेले नको होते."

"आई..."

"तू चुकलीस असं नाही म्हणत मी. खरं बोललीस. त्यांचं होतं ते त्यांना दिलंस." आईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. "माझं होतं ते गेलं, एवढंच."

धाकटीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. आईंनी तो झटकला नाही, धरलाही नाही. लाल दिव्याकडे बघत दोघी बसून राहिल्या. सांगायला हवं होतं, हे तिला पटलेलं होतं. आणि त्यात शेजारच्या बाईचं काहीतरी कायमचं मोडलं, हेही समोर दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि त्यातलं कुठलंच दुसऱ्याला पुसत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पाऊण तासानं दिवा विझला. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. सगळे धावले.

"तार जायला त्रास झाला, वाट फार अरुंद होती. पण गेली. जाळी बसली. उघडल्या उघडल्या पित्त खाली आलं, आम्ही पडद्यावर बघितलं. दाटलेलं होतं सगळं." त्यांनी आईंकडे बघितलं. "उद्यापर्यंत ताप आणि पोटदुखी यांच्यावर लक्ष ठेवू. सगळं ठीक राहिलं तर आठवड्यात घरी. गाठीचं मात्र तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," आई म्हणाल्या. "सगळ्यांनाच."

दुपारी तीनच्या सुमारास अप्पा नीट शुद्धीवर आले. निरीक्षणाच्या खोलीत पलंगाभोवती हिरवा पडदा होता. सिस्टर पडदा सारून बाहेर आली. "दोन्ही मुलांना आत बोलावलंय. कागद-पेन मागतायत. घसा बसलाय, बोलू नका म्हटलं तर ऐकत नाहीत. एकेकाचं नाव घेऊन कोणी काय करायचं ते सांगत सुटलेत."

दादा लगेच उठला. शर्ट सारखा केला, खिशातलं पेन चाचपलं. धाकटा बाळाला ताईकडे द्यायला निघाला.

आईंनी वळून सुनेकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बघ," त्या म्हणाल्या. "लागले आवरायला."

धाकटी उठली आणि पडद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "दादा, तुम्ही जरा थांबा."

"अगं, त्यांनी बोलावलंय आम्हाला."

"ऐकलं मी. आधी आई जातील."

"आई नंतर जाईल की. तिला काय काम..."

"जा, आई," धाकटी म्हणाली. पडदा तिनं हातभर बाजूला धरला.

आई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, सुनेजवळून गेल्या आणि आत शिरल्या. धाकटीनं पडदा सोडला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

आधी नुसती कुजबुज. मग आईंचा आवाज वर आला. "कागद कशाला? कशाला कागद? आत्ता तोंडातून नळी निघालीय आणि लगेच कारभार! पाय आत घ्या आधी. आत घ्या म्हणते ना!" अप्पांचं काहीतरी घोगरं उत्तर. "मला नका शिकवू! महिनाभर सांगत होते मान घासा, मान घासा..." "घासत होतो ना!" अप्पांचा बसलेला घसा कसाबसा फुटला. "कातडी निघाली घासून! कावीळ होती ती, बये!" "मग सांगायचं नाही का कावीळ आहे म्हणून!"

कॉरिडॉरच्या टोकाहून एका सिस्टरनं मान वळवली.

"काय चाललंय आत?" दादानं विचारलं.

"भांडतायत."

"आजच्या दिवशी? सरक बघू, मी मिटवतो."

"नाही," धाकटी म्हणाली. बाळ ताईच्या हातातून तिच्याकडे झेपावत होतं. ते तिनं घेतलं, कडेवर बसवलं, आणि पडद्यासमोरची जागा सोडली नाही. "थांबा थोडं, दादा. भांडू द्या त्यांना."